विनोदी नाटक आणि न हसणारा वर्ग: गोल्डस्मिथ शिकताना घडलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी असलेल्या कला महाविद्यालयातलं हे प्रकरण आहे. वर्ग बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, विषय इंग्रजी स्पेशल. पटावर पस्तीसेक मुलं, रोजची हजेरी वीस-बावीस. जवळपास सगळ्यांचं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं. बरीचशी मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीने येणारी. एकजण पहाटे दूध संकलन केंद्रावरचं काम आटोपून यायचा, दोघी-तिघी लग्न झालेल्या होत्या. पुढे बी.एड. करता यावं, स्पर्धा परीक्षेला उपयोग व्हावा, निदान चार लोकांत न अडखळता इंग्रजी बोलता यावं, या आशेने त्यांनी हा विषय घेतला होता. नाटकाची आवड म्हणून कुणी आलेलं नव्हतं. माणसं ओळखू येतील असे तपशील मी बदलले किंवा गाळले आहेत. मी त्याच विभागात शिकवतो. शिकवणाऱ्या मॅडमच्या संमतीने काही तास मागच्या बाकावर बसून हे सगळं पाहिलं.

अभ्यासक्रमात नाटक होतं ऑलिव्हर गोल्डस्मिथचं 'शी स्टूप्स टू कॉन्कर'. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात १५ मार्च १७७३ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. त्या काळात तिथे रडवणाऱ्या, सद्गुणांचे धडे देणाऱ्या 'विनोदी' नाटकांची चलती होती. गोल्डस्मिथला ते पटत नव्हतं. विनोदी नाटकाने लोकांना हसवलं पाहिजे, असं त्याने त्याच वर्षी एका निबंधात मांडलं आणि या नाटकातून करून दाखवलं. नाट्यगृहाचा व्यवस्थापक जॉर्ज कोलमन याला नाटक चालेल असा भरवसा नव्हता. नाटक चाललं, आणि आजही चालतं.

गोष्ट थोडक्यात अशी. हार्डकॅसल हा खेड्यातला जुन्या वळणाचा जमीनदार. त्याची मुलगी केट हिला पाहायला त्याच्या जुन्या मित्राचा मुलगा मार्लो लंडनहून निघतो, सोबत हेस्टिंग्ज नावाचा दोस्त. दोघं वाट चुकतात आणि एका गुत्त्यात टोनी लंपकिनच्या तावडीत सापडतात. टोनी हा हार्डकॅसलच्या बायकोचा पहिल्या लग्नाचा मुलगा, उनाड आणि बेरकी. तो त्यांना हार्डकॅसलचंच घर खाणावळवजा मुक्कामाची जागा म्हणून दाखवून देतो. मग मार्लो होणाऱ्या सासऱ्याला खानावळवाला समजून हुकूम सोडायला लागतो. त्यात मार्लोचा स्वभाव आणखी चमत्कारिक: खालच्या वर्गातल्या बायकांशी तो बेधडक बोलतो, आणि घरंदाज मुलगी समोर आली की त्याच्या तोंडून वाक्य पूर्ण होत नाही.

अडचण

मॅडमची पद्धत आपल्याकडे सगळीकडे चालते तीच होती. एक वाक्य वाचायचं, अवघड शब्दांचे अर्थ सांगायचे, वाक्याचा मराठीत अनुवाद करायचा, पुढे जायचं. मुलं पेन्सिलीने शब्दांवर अर्थ लिहून घेत. तासाला दीड पान व्हायचं. मॅडम मन लावून शिकवायच्या, तयारी करून यायच्या, आणि मुलंही शांत बसून लिहायची.

एका तासाला त्यांनी सहज विचारलं, "आत्तापर्यंत तुम्हाला हसू कुठे आलं?" वर्ग गप्प. थोड्या वेळाने एक मुलगी म्हणाली, "मॅडम, कॉमेडी कुठे आहे ते गाईडमध्ये दिलंय." ती मनापासून सांगत होती. कॉलेजच्या फाटकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समध्ये 'रडवणारी कॉमेडी आणि हसवणारी कॉमेडी' असा प्रश्न होता, त्याचं मुद्देसूद उत्तर होतं, आणि ते निम्म्या वर्गाला तोंडपाठ होतं. हे नाटक हसवण्यासाठी लिहिलंय हे त्यांना माहीत होतं. हसू मात्र कुणालाच आलेलं नव्हतं.

दुसरा अंक संपेपर्यंत हजेरी घटायला लागली. तेव्हा मॅडमनी विभागात विषय काढला.

नेमकं काय अडत होतं

पहिला अंदाज सगळ्यांचा एकच होता: इंग्रजी कच्चं आहे, भाषा अडीचशे वर्षांपूर्वीची आहे, शब्द अडतात. मॅडमना ते पुरेसं वाटलं नाही, कारण शब्दांचे अर्थ तर मुलांच्या पुस्तकात पेन्सिलीने लिहिलेले होते. त्यांनी एक साधी गोष्ट केली. कोरे कागद वाटले आणि मराठीत उत्तरं लिहायला सांगितली. मार्लोला हे घर कोणाचं वाटतं? हार्डकॅसलला मार्लो कोण वाटतो? खरं काय ते आत्ता कोणाकोणाला माहीत आहे?

कागद गोळा झाल्यावर चित्र स्पष्ट झालं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना आलं होतं. पुढे गाडी घसरली होती. काहींनी लिहिलं की हार्डकॅसलही मुद्दाम खानावळवाल्याचं सोंग घेतो आहे. काहींना मार्लो नुसता उद्धट वाटत होता. एकाने तर टोनीच खानावळीचा मालक ठरवला होता. शब्द कळले होते, पण कोणाला काय माहीत आहे याचा धागा सुटला होता.

आणि हे नाटक उभं आहे ते त्याच धाग्यावर. दुसऱ्या अंकातली एक जागा पाहा. मार्लो बेफिकीरपणे विचारतो, "व्हॉट हॅज युअर फिलॉसॉफी गॉट इन द हाउस फॉर सपर?" तुमच्या तत्त्वज्ञानाने जेवायला काय ठेवलंय घरात? हार्डकॅसल थक्क होतो आणि प्रेक्षकांकडे तोंड वळवून स्वतःशीच म्हणतो की, स्वतःच्याच घरात बसलेल्या माणसाला कुणी कधी असं विचारलं असेल का! रंगमंचावर प्रश्न आणि ही प्रतिक्रिया यांत क्षणभराचं अंतर असतं. प्रेक्षकाला दोघांचे गैरसमज ठाऊक असतात, म्हणून त्या क्षणात हसू फुटतं. वर्गात त्याच दोन वाक्यांमध्ये 'सपर' म्हणजे काय, 'रिक्वेस्ट' इथे कुठल्या अर्थाने, कंसातला 'असाइड' म्हणजे काय, एवढं सगळं येत होतं. तोवर कोण कोणाला काय समजतोय हे कुणाच्या डोक्यात उरत नव्हतं. काही मुलं तर कंसातल्या सूचना वाचतच नव्हती. ते नाटकाचं अंग आहे असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मग हार्डकॅसल हे मार्लोच्या तोंडावर बोलतोय असं त्यांना वाटायचं, आणि प्रसंगाला काही अर्थच उरायचा नाही.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा क्षण हा कागद वाटण्याचा होता. तो झाला नसता तर आम्ही शब्दसंग्रह वाढवण्याचे उपाय करत बसलो असतो.

विचारात घेतलेले पर्याय

नाटक बदलणं आमच्या हातात नव्हतं. ते अभ्यास मंडळ ठरवतं.

चित्रित प्रयोग दाखवावा, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. एका तासाला थोडा भाग दाखवूनही पाहिला. पोशाख, विग, घर पाहून मुलांना काळाची कल्पना आली, हा फायदा खरा होता. पण नटांचं ब्रिटिश वळणाचं भरभर बोलणं त्यांच्या कानाला पकडता येईना. पडद्यावरचे प्रेक्षक हसले की मुलं एकमेकांकडे बघायची. आपण सोडून बाकी सगळ्यांना काहीतरी कळलंय, ही भावना त्याने वाढली असं मॅडमना वाटलं आणि त्यांनी ते तिथेच थांबवलं. पुढे नाटक कळल्यावर पुन्हा दाखवायचं ठरलं.

सोप्या इंग्रजीतलं संक्षिप्त रूप वाचायला देणं हा तिसरा पर्याय. त्यातून गोष्ट कळली असती. पण गोष्ट संक्षेपात सांगितली की या नाटकात उरतं काय? एक घोटाळा झाला आणि निस्तरला, इतकंच. मजा आहे ती माणसं एकमेकांची वाक्यं कशी तोडतात यात, आणि संक्षेपात नेमकं तेच जातं.

चौथा पर्याय वादाचा ठरला. प्रसंग आधी मराठीत, आपल्या मुलुखात करून पाहायचा आणि मग त्याच प्रसंगाच्या इंग्रजी ओळींकडे यायचं. विभागातल्या ज्येष्ठ सरांचा आक्षेप होता की इंग्रजीच्या तासाला मराठी आली की मुलं तिथेच मुक्काम करतात. आक्षेप दुर्लक्षावा असा नव्हता. वर्गातूनही तोच सूर आला. एक हुशार मुलगी सरळ म्हणाली, "मॅडम, मराठीतच करायचं तर इंग्रजी स्पेशल कशाला घेतलं?" तिने घरच्यांशी भांडून हा विषय घेतला होता.

मॅडमनी मधला मार्ग काढला. मराठी फक्त परिस्थिती अंगात भिनवण्यासाठी आणि फक्त एका तासापुरती. त्यानंतर निवडक प्रवेश मूळ इंग्रजीतच, उभं राहून, मोठ्याने. बाकीचं नाटक गोषवाऱ्यावर. चार प्रवेश निवडले: मार्लो आणि हेस्टिंग्ज घरात येतात तो, मार्लो आणि केटची पहिली भेट, केट नोकराणी होऊन भेटते तो, आणि शेवटच्या अंकात टोनी आईला रात्री स्वतःच्याच घराभोवती गाडीतून फिरवून आपण घरापासून चाळीस मैलांवर आलोय अशी थाप मारतो तो.

काय केलं

सुरुवात मॅडमनी एका जुन्या मराठी नाटकापासून केली, आणि ती नेमकी सुरुवात होती असं मला आजही वाटतं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' मुलांनी नावाने ऐकलेलं होतं. एकीच्या आजोबांना त्यातली पदं पाठ होती. १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणलेल्या या संगीत नाटकाचं मूळ आर्थर मर्फी या लेखकाच्या १७६१ मधल्या इंग्रजी कॉमेडीत आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणजे गोल्डस्मिथच्या आधी बाराच वर्षं, त्याच लंडनमधलं नाटक. एक तसबीर चुकीच्या हाती पडते आणि नवरा-बायको एकमेकांवर संशय घेत सुटतात, त्यावर महाराष्ट्र शंभर वर्षं हसतो आहे. इंग्रजी विनोद आपल्याला कळतच नाही, असं मुलांनी मनाशी धरलं होतं. त्या समजाला इथे पहिला धक्का बसला.

मग मराठी तास. मॅडमनी परिस्थिती एवढीच दिली: पुण्याचे दोन तरुण मुलगी बघायला गावी आलेत, एसटी स्टँडवर मुलीच्या चुलतभावाने त्यांना तिच्याच घराचा पत्ता लॉज म्हणून दिलाय. संवाद मुलांनी जागेवर रचायचे. ज्या मुलाला मुलीचा बाप केलं होतं, तो अगत्याने "या, या, बसा" म्हणतोय. आणि पाहुणा म्हणतोय, "बसतो नंतर. आधी खोली दाखवा. गाद्या झटकल्यात का? दोन चहा सांगा, एकात साखर कमी." बाप गोंधळून मागे बघतो. वर्ग खदखदून हसला. त्या नाटकाच्या निमित्ताने वर्गात ऐकू आलेलं ते पहिलं हसू.

बापाने मग पाहुण्यांना बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट सुरू केली. आपल्या आजोबांची नक्कल करत होता तो. "बहात्तर साली, आम्ही पाझर तलावाच्या कामावर होतो..." आणि पाहुणे मध्येच एकमेकांशी शर्टाच्या रंगाबद्दल बोलायला लागले. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मॅडमनी लगेच पुस्तक उघडून दुसऱ्या अंकातली ती जागा काढली: हार्डकॅसल मार्लबरो या सेनापतीच्या वेढ्याची आपली लाडकी गोष्ट सांगू पाहतोय, आणि मार्लो-हेस्टिंग्ज तपकिरी कोटावर कुठलं जाकीट शोभेल याची चर्चा करताहेत. मुलांनी ते वाचलं आणि ज्या मुलाने बाप केला होता तो ओरडलाच, "हे तर आपणच केलं!"

इथे मॅडमनी एक निर्णय घेतला, जो त्यांच्यासाठी सोपा नव्हता. मार्लबरो कोण, वेढा कुठला, हे त्यांनी समजावलं नाही. म्हाताऱ्याला लढाईची गोष्ट सांगायची आहे आणि कुणी ऐकत नाही, एवढं पुरे. तसंच जेवणाच्या यादीचं. त्यात डुक्कर आहे, वासराची जीभ आहे, उकडलेला ससा आहे, आणि शेवटी अडखळत वाचलेलं 'टिफ्... टॅफ्... टॅफेटी क्रीम' आहे. प्रत्येक पदार्थाची टीप द्यायची तर अख्खा तास गेला असता. मॅडमनी यादी मोठ्याने, चिडक्या आवाजात वाचायला लावली आणि पुढे गेल्या. सगळं कळलंच पाहिजे हा आग्रह सोडणं शिक्षकाला किती जड जातं, ते मी शेजारी बसून पाहत होतो.

फळ्याच्या उजव्या बाजूला एक तक्ता कायमचा राहिला. वर नावं: टोनी, मार्लो, हेस्टिंग्ज, हार्डकॅसल, केट, आणि शेवटी 'आपण'. खाली दोन ओळी. या घराला खानावळ समजण्याचा घोटाळा झालाय, हे कोणाला माहीत? नोकराणी म्हणजे केटच, हे कोणाला माहीत? प्रत्येक प्रवेशानंतर एकाने उठून खुणा बदलायच्या. पहिल्या ओळीत टोनी आणि 'आपण' पहिल्या अंकापासून. हेस्टिंग्जला दुसऱ्या अंकात त्याची प्रेयसी कॉन्स्टन्स त्या घरात भेटते तेव्हा कळतं, पण मार्लोचा लाजाळूपणा ठाऊक असल्यामुळे तो त्याला सांगत नाही. केटला तिसऱ्या अंकात. मार्लोला घराचं खरं चौथ्यात कळतं, केटचं पाचव्यात. खुणा बदलायला मुलं भांडायला लागली: "हेस्टिंग्जला आत्ताच कळलं, कॉन्स्टन्स भेटली ना त्याला!" हे भांडण पुस्तकात बोट ठेवून व्हायचं, त्यामुळे त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचल्या जात.

पात्रं कुणाला द्यायची हाही प्रश्न होता. वर्गात इंग्रजी बरं बोलणारे दोघे-तिघे होते, आणि मोठ्या भूमिका त्यांनाच मिळणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मॅडमनी मार्लो दिला तो दूध संकलन केंद्रावर काम करणाऱ्या मुलाला. मित्रांत हा मुलगा मैफल जमवायचा, आणि इंग्रजीच्या तासाला नाव पुकारलं की उभा राहून खाली बघायचा.

केटच्या पहिल्या भेटीत मार्लो अगदी तसाच आहे. तो एक भारदस्त वाक्य सुरू करतो, या ढोंगी युगात असे फार थोडे असतात की जे नीट पाहिलं तर... आणि पुढे नुसतं अ, अ, अ. केट शांतपणे म्हणते, "आय अंडरस्टँड यू परफेक्टली, सर." मला तुमचं म्हणणं पूर्ण कळलं. मार्लो बाजूला तोंड करून म्हणतो, "ईगॅड! अँड दॅट्स मोअर दॅन आय डू मायसेल्फ." माझं मलाही तेवढं कळलेलं नाही! त्या मुलाला अडखळण्याचा अभिनय करावा लागला नाही. तो अडखळला, आणि ते त्या जागी बरोबर होतं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, इंग्रजीच्या तासाला माझं होतं ना, तसंच त्याचं होतंय." मग त्याने तोच प्रवेश पुन्हा वाचायला मागितला. अस्सल इंग्रज नायकाच्या तोंडीही इंग्रजी वाक्य अर्धवट राहतं, हे त्या वर्गाने त्या दिवशी प्रत्यक्ष ऐकलं.

हसू थांबलं तो प्रवेश

तिसऱ्या अंकात केट साध्या कपड्यांत येते. पहिल्या भेटीत मार्लोने तिच्या तोंडाकडे पाहिलेलंच नसतं, त्यामुळे तो तिला खानावळीतली पोरगी समजतो. आणि हा वाक्य न फुटणारा माणूस एकदम बदलतो. लगट करतो, मुका मागतो, हात धरून ओढतो. हार्डकॅसल ते पाहतो आणि नंतर मुलीला विचारतो की, गवळणीला ओढावं तसं त्याने तुला ओढलं, ते मी पाहिलं नाही का?

एक अडचण व्यवहाराची होती. तालुक्याच्या कॉलेजात मुलगा आणि मुलगी हे कसं करणार? मॅडमनी मध्ये टेबल ठेवलं आणि दोघांनी दोन बाजूंनी फक्त संवाद म्हणायचे, हातवारे नाहीत, असं ठरवलं. तेवढ्याने भागलं.

दुसरी अडचण मोठी. मुलं हसत होती आणि मुली हसत नव्हत्या. केट वाचणारी होती तीच, 'इंग्रजी स्पेशल कशाला घेतलं' विचारणारी. प्रवेश संपवून ती म्हणाली, "घरंदाज बाईसमोर ह्याला बोलता येत नाही, आणि कामवाली दिसली की हात धरतो. ह्या माणसाशी हिने लग्न का करायचं?"

इथे दोन वाटा होत्या. त्या काळची रीत अशी होती, विनोद म्हणून घ्या, असं सांगून पुढे जाणं ही एक. वेळ कमी होता, परीक्षा जवळ आली होती. मॅडमनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि उरलेला तास त्या प्रश्नाला दिला. एक मुलगा म्हणाला की मार्लो मुळात वाईट नाही, त्याला चांगल्या घरच्या बायकांची भीती वाटते. त्यावर लग्न झालेली एक विद्यार्थिनी म्हणाली, "भीती असणारा गप्प बसतो. हा गप्प बसत नाही, गरीब बघून बोलतो." दुसरीने पुढे जाऊन पुस्तकातूनच दाखवलं की केटला हे सगळं दिसतंय, ती त्याला पारखते आहे, आणि ती गरीब नातेवाईक असल्याचं सांगून रडते तेव्हा मार्लो वरमतो, तिचा गैरफायदा घ्यायला नकार देतो. तेवढं पुरेसं आहे का, यावर वर्गात एकमत झालं नाही. व्हायला हवं होतं असंही मला वाटत नाही. वर्षभरात पहिल्यांदा ही मुलं एका नाटकाबद्दल स्वतःचं मत स्वतःच्या शब्दांत मांडत होती, आणि पुराव्यासाठी मूळ इंग्रजी पान उलटत होती. निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत. मला हा या प्रकरणातला खरा लाभ वाटतो, आणि तो हसण्यापेक्षा कमी नाही.

निष्पत्ती

सत्र संपताना वर्गाने पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर दोन प्रवेश केले, मूळ इंग्रजीत, हातात पुस्तक घेऊन. सुरुवातीला एका मुलाने फळ्यावरचा तक्ता मराठीत दोन मिनिटांत समजावला. पहिल्या वर्षाच्या मुलांना निम्मे शब्द कळले नसतील, तरी 'सपर'च्या जागी ती हसली, कारण कोण कोणाला काय समजतोय ते त्यांना ठाऊक होतं. चित्रित प्रयोगाचा तोच भाग त्यानंतर पुन्हा लावला, तेव्हा आमची मुलं पडद्यावरच्या प्रेक्षकांच्या आधी हसत होती.

हजेरी सावरली. दुधाच्या केंद्रावरचा मुलगा तासाला उभा राहून बोलायला लागला, चुकत, पण मान वर करून.

गुणांत मात्र ठळक फरक पडला नाही. परीक्षेत एक प्रश्न कॉन्स्टन्स नेव्हिल आणि तिच्या दागिन्यांच्या उपकथानकावर आला. तो भाग आम्ही गोषवाऱ्यावर सोडला होता, आणि त्याची उत्तरं ढोबळ आली. केटवरच्या प्रश्नाला काहींनी वर्गातल्या वादाच्या आधारे स्वतःची उत्तरं लिहिली. बाकीच्यांनी नोट्समधलीच उतरवली. काही मुलांना नाटक शेवटपर्यंत आवडलं नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं. एकाचं म्हणणं होतं की गोष्ट चांगली आहे पण वाक्यं फार लांब आहेत. ज्येष्ठ सरांचं मत बदललं नाही. मराठी तास एकच झाला म्हणून ते चाललं, असं ते आजही म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

वेगळं काय करता आलं असतं

तक्ता पहिल्याच तासाला यायला हवा होता. टोनी गुत्त्यात थाप मारतो तिथेच तो लिहिला असता तर आधीचे आठवडे वाया गेले नसते.

दागिन्यांचं उपकथानक पूर्ण सोडू नये. टोनी आईच्या कपाटातून दागिने काढतो, आई ते हरवल्याचं नाटक करते आणि मग खरोखरच हरवलेले सापडतात, हा प्रवेश छोटा आहे आणि त्यालाही कोणाला काय माहीत हेच सूत्र लागू पडतं. चारातला टोनीचा रात्रीच्या सफरीचा प्रवेश गाळून हा घेता आला असता. पण त्या सफरीच्या प्रवेशात वर्ग सगळ्यात जास्त हसला, हेही खरं. पुढच्या वर्षी दोन्ही बसवायचे तर मार्लोच्या आगमनाचा प्रवेश कापून छोटा करावा लागेल.

मार्लोच्या लगटीचा प्रवेश करण्याआधी मुलींशी बोलून घ्यायला हवं होतं. वाद उत्तम झाला, पण एका मुलीला तो प्रवेश सगळ्यांसमोर वाचून मग प्रश्न विचारावा लागला. प्रश्न आधी फळ्यावर असता तर तो भार एकटीवर पडला नसता.

आणि अंतर्गत मूल्यमापन. वीस गुणांची ती चाचणी आपल्या हातात असते, तरी तिथे आम्ही नेहमीचाच 'स्वभावचित्र लिहा' हा प्रश्न ठेवला. आता विभागाने ठरवलं आहे की त्यातले दहा गुण एका न शिकवलेल्या पानासाठी ठेवायचे: पान वाचा, या क्षणी कोणाला काय माहीत आहे ते लिहा, आणि प्रेक्षक कुठल्या ओळीला हसतील ते कारणासह दाखवा. उत्तर इंग्रजीतच, पण वाक्यं मोडकी असली तरी गुण कापायचे नाहीत. ज्येष्ठ सरांनी यावर सही केली आहे.